विघटन आणि विसर्जन

वनस्पतींपासून बनविलेल्या आणि कालांतराने मातीत विरून जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आता दुकानांतून मिळू लागल्या आहेत. पिशवीवर एक हिरवे पान छापलेले असते. ती हातात पडताच गिऱ्हाइकाच्या मनावरचे काही ओझे उतरते, असे मला अनेकदा जाणवले आहे. हे ओझे उतरविण्याचा अधिकार त्या पिशवीला आहे काय? वस्तू नाशवंत झाली म्हणजे तिच्याबरोबर वापरणाऱ्याचे दायित्वही नाश पावते काय?

या पदार्थाचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरांना अपरिचित नाही. कुरडयांसाठी गहू भिजवून काढलेला चीक शिजविला की तो पारदर्शक होतो, आणि पातेल्याच्या कडेला वाळलेला त्याचा पापुद्रा पातळ कागदासारखा सोलून निघतो. तो पापुद्रा म्हणजे स्टार्च हे नैसर्गिक बहुवारिकच होय. त्यात ग्लिसरिनसारखा पदार्थ मिसळला की त्याला लवचिकपणा येतो. मात्र तो पाणी शोषतो आणि काही दिवसांनी कडक होऊन मोडतो, म्हणून त्यात अन्य बहुवारिके मिसळावी लागतात. दुसरा मार्ग मक्याच्या स्टार्चची साखर करून ती आंबविण्याचा. त्यातून लॅक्टिक आम्ल मिळते, म्हणजे आपल्या दह्यातलेच, आणि त्याच्या साखळ्या जोडून पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचे प्लॅस्टिक तयार होते.

येथे शब्दांचा एक घोटाळा होतो. वनस्पतीपासून झालेले ते विघटनशील, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक उसाच्या अल्कोहोलपासून ब्राझीलमध्ये जे पॉलिथिलीन बनते, ते खनिज तेलाच्या पॉलिथिलीनइतकेच चिवट असते. उलट खनिज तेलापासून बनणारी काही प्लॅस्टिके विघटनशील आहेत. इतिहासही असाच चकवतो. १८७० च्या सुमारास अमेरिकेत हायट यांनी हस्तिदंताला पर्याय म्हणून सेल्युलॉइड पुढे आणले. ते कापसासारख्या वनस्पतिजन्य सेल्युलोजपासून आणि कापरापासून बनत असे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची फीतही त्याच जातीची. म्हणजे प्लॅस्टिकयुगाचा आरंभच झाडापासून झाला. कुळ चांगले म्हणून वर्तन चांगले, हा न्याय माणसांना लागू पडत नाही, तसा पदार्थांनाही नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अटींची. पॉलिलॅक्टिक आम्लाचे विघटन नीट व्हायचे तर सुमारे ५८ ते ६० अंश सेल्सियस उष्णता, ओलावा आणि सूक्ष्म जीव यांनी युक्त असे कंपोस्टचे कारखानेवजा ठिकाण लागते. नाल्यात, शेताच्या बांधावर किंवा समुद्रात ते वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. म्हणजे ‘विरून जाणारे’ हे विशेषण त्या पिशवीचे एकटीचे नव्हे. कोणी तरी ती वेगळी काढली, कोणी तरी वाहून नेली, कोणी तरी तो ढीग तापता ठेवला, तरच ते तिला शोभते. आमच्या इंदूरला २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला क्रमांक वर्षामागून वर्ष मिळत गेला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. पण त्या यंत्राचा घास घराघराच्या दारात ओला आणि सुका असा निवडला जातो, म्हणून ते चालते.

यावर एक आक्षेप आहे, आणि शासकीय सेवेत उभे आयुष्य काढल्यामुळे मला तो हलका वाटत नाही. लोकांच्या सद्गुणावर विसंबलेला नियम बहुधा कागदावरच राहतो. मग माणूस सुधारण्याची वाट पाहण्यापेक्षा पदार्थच सुधारला तर काय बिघडले? १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे; तिचे बाजारात काय झाले, ते आपण पाहतोच. म्हणून मी भेद असा करतो. शस्त्रक्रियेनंतर शरीरात विरघळणारे टाके याच कुळातील बहुवारिकांचे असतात. ते पुन्हा काढणे म्हणजे रोग्याला पुन्हा यातना. जी वस्तू परत घेताच येत नाही, ती विरघळणारी असणे हा धर्मच आहे. परंतु जी परत घेता येते आणि आपल्याला घ्यायची नसते, तिथे विरघळण्याचे आश्वासन म्हणजे आळसाला मिळालेले प्रमाणपत्र ठरते.

आपल्या जुन्या घराण्यांतून अशा वेळी पत्रावळींचा दाखला अभिमानाने दिला जातो. पळसाच्या पानांच्या त्या पत्रावळी खरोखरच निर्दोष होत्या. चार पावसाळी दिवसांत त्यांची माती होई. पण पंगत उठल्यावर त्या उष्ट्या पत्रावळी कोण उचलत असे आणि वाड्याच्या मागल्या दाराशी कोण वाट पाहत उभे असे, हे त्या आठवणींत क्वचितच येते. पान सडले, तरी ते दुसऱ्यानेच उचलायचे ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या सडली नाही. याउलट निर्माल्य पाहा. फुले कुठेही टाकली तरी कुजणारच, तरीही त्यांच्यावर पाय पडू नये, ती योग्य जागी विसर्जित करावीत, असा दंडक आपण पाळला. देवाच्या उरलेल्याला जो मान दिला, तो आपण आपल्या उरलेल्याला दिला नाही.

मक्यासारखे धान्य पिशव्यांसाठी वळवावे काय, हाही प्रश्न आहेच. उसाच्या चिपाडांच्या थाळ्यांना निदान तो लागू होत नाही. अशाच थाळ्या आपल्या स्नेहसंमेलनासाठी मागवाव्यात, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. माझे मत स्टीलच्या ताटांच्या बाजूचे आहे. ती ज्याने त्याने उचलावीत आणि विसळण्याचे काम सभासदांनी पाळीपाळीने करावे. पहिल्या पाळीसाठी मी माझे नाव चिटणिसांकडे दिले आहे.