सापडणाऱ्याचा अधिकार

आमच्या कचेरीत नुकतेच कायद्याचे शिक्षण संपवून आलेले एक तरुण सहकारी आहेत. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी ते विलक्षण उदास दिसले. एखाद्या दाव्याची मुदत टळली असावी, असे आम्हांला वाटले. चौकशी करता कळले की, त्यांनी 'शोधून काढलेला' एक परदेशी वाद्यवृंद त्यांच्या एका मित्रालाही ठाऊक निघाला. एवढेच नव्हे, तर त्या मित्राने तो आणखी दहाजणांस ऐकवला. "आता तो माझा राहिला नाही," असे ते म्हणाले, आणि आम्ही हसलो. दुसऱ्याच्या हक्कभंगाचे दुःख वकिलास फी ठरेपर्यंत फारसे जाणवत नाही.

त्याच रात्री आम्ही तो वृंद ऐकला. 'रॉक' हा शब्द वाचताच वाचकांस कानठळ्या आठवतील. आम्हांलाही आठवल्या होत्या. परंतु बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयावाचून आपल्या मतीने चालणारे जे 'इंडी' म्हणवणारे वृंद आहेत, त्यांपैकी हा एक. नाव 'डर्टी थ्री'. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी १९९२ साली तिघांनी तो उभारला. वॉरन एलिस व्हायोलिन वाजवतात, मिक टर्नर गिटार आणि जिम व्हाइट ढोल. गाणारा कोणी नाही आणि शब्दही नाहीत. आरंभी एलिस यांनी गिटारचा विद्युत्-ध्वनिग्राहक रबराच्या पट्टीने आपल्या व्हायोलिनला बांधला होता, यावरून त्यांच्या थाटाची कल्पना यावी. १९९८ साली निघालेला त्यांचा 'ओशन साँग्ज' हा संग्रह आम्ही दिवा मालवून ऐकला. ढोलावर काठ्यांऐवजी कुंचे फिरतात तेव्हा ओहोटीचे पाणी वाळूवरून मागे सरकल्यासारखे वाटते, आणि त्यावर ते व्हायोलिन प्रथम कुजबुजते, मग खरवडते, मग एखाद्या घरात मयत झाल्यासारखे उघड आक्रोश करते. आमचा कान भजनावर पोसलेला. स्वर सुबक लागला पाहिजे, असा त्याचा आग्रह. येथे तो आग्रह अर्ध्या घटकेत गळून पडला. शब्द नसल्यामुळे एलिस प्रत्येक रचनेपूर्वी लांबलचक, पुष्कळदा हास्यकारक कथा सांगतात, असे समजले तेव्हा तर ते आम्हांला आपल्या कीर्तनकारांचे दूरचे नातलग वाटू लागले.

दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या आवारात एका स्नेह्यांस आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, "आम्हांला एका विलक्षण वृंदाचा शोध लागला आहे." वाक्य तोंडातून निसटले आणि मग आम्ही चपापलो.

शोध कसला? तिघे आमच्या त्या तरुण सहकाऱ्यांच्या जन्माआधीपासून वाजवीत आहेत. वास्को द गामाने १४९८ साली हिंदुस्थानचा शोध लावला, असे पोर्तुगीज अमदानीच्या पाठ्यपुस्तकांतून आमच्या वडीलधाऱ्यांनी घोकले. ज्या देशाचा शोध लागला त्या देशातील माणसे त्या दिवशीही नेहमीप्रमाणे आंघोळीपांघोळी उरकीत होती, आणि शोधकर्त्यास मालिंदीहून वाट दाखवणारा वाटाड्या लागला होता, हे त्या पुस्तकांस सांगण्याचे कारण पडले नाही. 'शोधणे' या क्रियापदात कर्ता एवढा फुगतो की कर्म दिसेनासे होते.

कायदा या बाबतीत आमच्याहून शहाणा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७१ वे कलम सांगते की, दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो त्याच्यावर, ती त्याच्याकडे विश्वासाने राखण्यास दिली असती तर जी जबाबदारी आली असती, तीच येते. म्हणजे सापडणारा मालक होत नाही, राखणदार होतो. पुढे १६८ व्या कलमात आणखी मौज आहे: वस्तू सांभाळण्यासाठी व धनी शोधण्यासाठी आपखुशीने केलेल्या कष्टांबद्दल व खर्चाबद्दल त्याला धन्यावर दावा लावता येत नाही; भरपाई मिळेपर्यंत वस्तू अडवून धरता येते, एवढेच. अर्थात वस्तूची गोष्ट निराळी आणि सुरांची निराळी. नाणे दुसऱ्यास दिले की आपल्याकडे उरत नाही, सूर उरतो. मग आमच्या सहकाऱ्यांचे काय हरवले? पहिलेपण हरवले, असे उत्तर चटकन सुचते, आणि ते बरेचसे खरेही आहे. पण अगदी पुरते नाही. जत्रेच्या रात्रीचे देऊळ आणि आडवारी दुपारचे देऊळ एकच असले, तरी रिकाम्या सभामंडपात ज्याने दीपमाळेची सावली सरकताना पाहिली आहे त्याला गर्दीत काहीतरी गमावल्यासारखे वाटते. त्याला क्षुद्र म्हणणे आम्हांला जमणार नाही.

याच एलिस यांची एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. १९९९ च्या जुलैत लंडन येथे निना सिमोन या थोर कृष्णवर्णीय गायिकेची मैफल झाली. ती संपताच एलिस रंगमंचावर चढले, पियानोला बाईंनी चिकटवून ठेवलेला चघळलेल्या च्युइंग गमचा गोळा त्यांनी त्यांच्याच टॉवेलात गुंडाळला आणि तो घरी नेला. वीस वर्षे तो त्यांनी सांभाळला. पुढे त्याचे चांदीचे ठसे करवले, आणि २०२० साली कोपनहेगनच्या प्रदर्शनात तो काचेखाली मांडला गेला. आपल्या सोवळ्याओवळ्यास हे ऐकून शहारा येईल. परंतु निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून जपणाऱ्यांस आणि शबरीची बोरे ठाऊक असणाऱ्यांस ते अगदीच अगम्य वाटू नये. टाकून दिलेल्या वस्तूला धनी नसतो. एलिस यांना कोणी जाब विचारणार नव्हते. तरीही ते राखणदारच राहिले, आणि वेळ येताच ती वस्तू त्यांनी सर्वांसमोर ठेवली.

हे लिहिताना आमचा हात जड होतो, त्याला कारण आहे. आमच्या कुलदेवतेच्या देवळात सोमवारच्या पालखीला एक वृद्ध गृहस्थ सारंगी वाजवीत. पालखी परतताना ते एक चाल धरीत. ती आम्ही अन्यत्र कोठेही ऐकली नाही. पणजीहून पाहुणे आले की आम्ही त्यांस तेथे नेत असू आणि 'आमचा वादक' म्हणून दाखवीत असू. ज्या गावाने त्यांस चाळीस वर्षे ऐकले, त्या गावापुढे आम्ही हे म्हणत होतो! एकदा जुन्या वादनाचे ध्वनिमुद्रण करीत हिंडणाऱ्या एका गृहस्थांनी आमच्याकडे त्यांचा पत्ता मागितला. "जत्रेनंतर कळवतो," असे आम्ही म्हणालो. कामांची गर्दी होती, हे आम्ही शपथेवर सांगू शकू. पण आपली वस्तू दुसऱ्याच्या नावावर जाईल, अशी एक बारीक कळही आत उठली होती, हेही शपथेवरच सांगावे लागेल. जत्रा झाली. आम्ही कळवले नाही. पुढच्या चातुर्मासात ते गृहस्थ गेले.

आमच्या सहकाऱ्यांच्या उदासीनंतर महिन्याभराने आम्ही त्या घरी गेलो. सारंगी खुंटीला होती, दोन तारा तुटलेल्या. पालखीच्या त्या चालीचे नाव काय, असे आम्ही त्यांच्या मुलीस विचारले. ती म्हणाली, "आमकां खबर ना. तुमीच बसून आयकताले, तुमकां खबर आसतलें."

त्या चालीचा मधला एक तुकडा तेवढा आम्हांला आठवतो. तो कोठून सुरू होत असे, ते आठवत नाही.