शेवटचा स्पर्श

१ डिसेंबर १९५६. मेलबर्न ऑलिंपिक, फुटबॉलची उपांत्यपूर्व लढत, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. आपल्या एका खेळाडूचा फटका गोलच्या दांडीवर आपटून उलटला आणि नेव्हिल डिसूझाने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. पुढे त्याने आणखी दोन गोल केले, चौथा किट्टूचा. भारत ४-२ जिंकला. गोव्यातल्या आसगावात जन्मलेला, मुंबईत कंपन्यांच्या संघांतून खेळलेला हा सेंटर फॉरवर्ड ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई ठरला.

दांडीवर फटका मारणारा गोलफलकावर नाही. हा अन्याय का? मला तसे सरसकट वाटत नाही. फटका हुकला म्हणून बाकीचे हळहळले असतील, तेव्हा डिसूझा धावत होता. श्रेय त्या धावेचे आहे आणि ते त्याचेच आहे.

अडचण पुढच्या सामन्यात दिसते. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल डिसूझाचाच, पण सामना आपण ४-१ हरलो. चारांतला शेवटचा गोल सलामच्या नावावर, स्वयंगोल म्हणून. सलाम आपल्याच संघातला. चेंडू तिथवर येऊ देणाऱ्या सगळ्यांची चूक एकट्याच्या खात्यावर पडली. शेवटचा स्पर्श मोजणारी वही यशात एकाला उचलते, तशी अपयशात एकाला गाडते.

नाशिकजवळच्या आपल्या दिंडोरीत ही वही आणखी सोयीस्कर आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या द्राक्षबागांत उतरतात. विरळणी, घड संजीवकात बुडवायचे डिपिंग, पुढे काढणी. मणी फुगतो तो त्यांच्या बोटांतून गेलेल्या घडावर. युरोपला जाणाऱ्या पेटीवरून बाग कोणती, प्लॉट कोणाचा, हे शोधता येते. घड कोणी विरळला, ते नाही. बागायतदाराने कर्ज, गारपीट, भाव सगळे अंगावर घेतलेले असते, तेव्हा पेटी त्याच्या नावाने जाणे रास्तच आहे. पण फवारलेल्या औषधाचा अंश जास्त निघून माल नाकारला, की पहिला प्रश्न येतो: त्या दिवशी फवारणीच्या पंपावर कोण होता? नाव तेव्हा लगेच सापडते. टोळीतला एकेक माणूस तेव्हाच वेगळा दिसू लागतो.

आणि ज्याचे नाव नीट नोंदले गेले, त्याचे तरी काय झाले? डिसूझा १९८० साली गेला, पन्नाशीही न गाठता. त्याच संघातल्या पी. के. बॅनर्जींना अर्जुन मिळाला, पद्मश्री मिळाली. आज इथल्या मैदानावर मेस्सीचा नंबर पाठीवर मिरवणाऱ्या मुलांना डिसूझा विचारा, एखादा गोव्यातला पाहुणा असेल असे वाटेल त्यांना.

टोळीची नोंद आपल्या वहीत बहुधा एकाच ओळीत असते: मुकादमाचे नाव, एकरी दर, दिलेली उचल. छाटणीला अजून अवकाश आहे. यंदा मुकादमाला बाकीची नावेही विचारून घ्यावीत, माल नाकारला जाण्याआधी.