पडद्यावरचे नाथ आणि मांडवातले नाथ

१९३५ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने नाथमहाराजांच्या चरित्रावर ‘धर्मात्मा’ हा बोलपट काढला. दिग्दर्शन शांतारामबापूंचे, नाथांची भूमिका बालगंधर्वांची. नाव आधी ‘महात्मा’ होते. त्यात गांधीजींची छाया दिसते म्हणून परिनिरीक्षकांनी ते बदलायला लावले.

चित्र चालले नाही. तीस वर्षे लोकांनी बालगंधर्वांना भामिनी, सिंधू, रुक्मिणी अशा रूपांत डोळ्यांत साठवले होते. ते पुरुषवेशात समोर आले, आणि लोकांना चुकल्यासारखे झाले. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीचा ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षाहून अधिक चालला. विष्णुपंत पागनीसही पूर्वी स्त्रीभूमिका करीत; पण लोकांना त्यांच्यात तुकोबा दिसले.

यात गंमत अशी की सोंग घेण्यात नाथांचा हात धरणारा कोणी नाही. भारुडांत ते जोशी होतात, गोंधळी होतात, जोहार घालणारा महार होतात, सासुरवाशीण होतात. तिथे आपण म्हणत नाही की हे नाथ नव्हेत. मग श्रोता नेमका कोणासाठी येतो? संतासाठी, की संत दाखवणाऱ्यासाठी?

दुसऱ्यांना दोष देणे सोपे आहे, म्हणून माझे सांगतो. अस्पृश्याघरच्या ज्या जेवणाचा प्रसंग त्या बोलपटात आहे, तोच मी पन्नास वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात, नाथषष्ठीच्या कीर्तनात सांगितला. नाथ उंबरा ओलांडतात तिथे आवाज खाली घेतला की मंडळी रडतात, हे मला सरावाने ठाऊक झाले होते. मंडळी रडली. टाळकऱ्यांचेही डोळे भरले. बालगंधर्वांच्या नाथांना लोकांनी नाकारले. मला मात्र खांद्यावर घ्यायचे तेवढे बाकी ठेवले.

काल्यानंतर पंगती बसल्या. एक देवळाच्या ओट्यावर, दुसरी पिंपळापलीकडे. तिकडच्या पंगतीत एक म्हातारा होता. सातही दिवस तो मांडवाच्या कडेला, उन्हात बसून ऐकत होता. त्याने तिथूनच हात जोडले.

“महाराज, नाथ डोळ्यांपुढं उभं केलंत,” म्हणाला.

मीही हात जोडले. पाटावर बसल्या बसल्याच. दोन पंगतींमधले अंतर वीसेक पावलांचे असेल. इकडे वाढपी पोळीवर तूप सोडीत होता आणि यजमान आग्रह करीत होते. मी जेवलो. नारळ आणि उपरणे घेतले, आणि संध्याकाळच्या गाडीने पुढच्या गावाला गेलो. तिथेही नाथांचेच आख्यान लावले होते.