गुन्हा केल्याचा दाखला

आमच्या पिढीने आयुष्यात जितके दाखले जमवले तितके पैसे काही जमवले नाहीत. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि या साऱ्यांचा शिरोमणी म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा दाखला. तो देणारे गॅझेटेड ऑफिसर आम्हांला ओळखत नसत, आम्ही त्यांना ओळखत नसू. तरी 'यांना मी तीन वर्षे ओळखतो' असे लिहून ते सही ठोकीत. आमच्या सद्वर्तनाची सुरुवातच अशी एका थापेने होई.

न्यूयॉर्क राज्याने 2022 साली एका परवान्यासाठी नेमका याच्या उलटा दाखला मागितला. परवाना गांजाच्या किरकोळ दुकानाचा. (तिकडे या दुकानाला डिस्पेन्सरी म्हणतात. आमच्याकडे डिस्पेन्सरीत खोकल्याचे लाल औषध मिळे.) 31 मार्च 2021 रोजी तिथे प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला आणि पहिले परवाने राखून ठेवले कुणासाठी? काही सेवाभावी संस्था सोडल्या, तर त्या तारखेपूर्वी गांजाच्याच गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांसाठी! स्वतः नसाल, तर निदान आईबाप, नवरा-बायको, मूल, कुणीतरी दोषी ठरलेले हवे. शिवाय दोन वर्षे नफ्यात चाललेल्या धंद्याचा अनुभव हवा. म्हणजे माणूस एकदा पकडला गेलेला, पण हिशेबाला चोख! मुलीसाठी स्थळ शोधणारा बापसुद्धा इतका चोखंदळ नसतो. अर्जाची फी 2,000 डॉलर, अर्ज नामंजूर झाला तरी परत मिळणार नाही. या एका कलमावर जगातली सगळी सरकारे एकमत असावीत.

तळमजल्यावरच्या पेन्शनर काकांना हे सांगितले तर ते उसळलेच. "म्हणजे आम्ही जन्मभर सरळ वागलो ते फुकटच की! उद्या खिसेकापूला बँकेत कॅशियर करा म्हणावं!"

काकांचा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. पण खिसा कापणे कालही वाईट होते, आजही आहे. इथे सरकारनेच म्हटले, की ज्यासाठी तुला धरले तो आता गुन्हा नाही, आता त्यावर आम्ही कर घेणार. मग ज्याची नोकरी गेली, ज्याला त्या एका नोंदीपायी घर मिळेना, त्याचे देणे कुणी फेडायचे? आणखी एक गोष्ट. गोरे आणि काळे साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढतात, असे तिकडच्या पाहण्या सांगतात; पण न्यूयॉर्क शहरात पकडले गेले ते बहुतेक काळे आणि लॅटिनो. मग बाकीच्यांचे कोरे पान सद्गुणामुळे कोरे राहिले, की पत्त्यामुळे?

आता काकांचेच घ्या. 1985 च्या केंद्राच्या कायद्याने भांगेच्या पानाला वगळले खरे, पण आपल्या राज्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे भांग बाळगायलाही परवाना लागतो. धुळवडीला आमच्या गच्चीवर काका स्वतः पाटा-वरवंटा घेऊन बसतात. एका वर्षी लाउडस्पीकरची तक्रार आली म्हणून हवालदार वर आला. काका म्हणाले, "या साहेब, प्रसाद घ्या." साहेबांनी घेतला. जिना उतरताना कठड्याला जरा घट्ट धरले, इतकेच. हेच पातेले नाल्यापलीकडच्या वस्तीत सापडते, तर त्याचा पंचनामा झाला असता.

मी हे काकांना बोलून दाखवले.

"ते वेगळं," काका म्हणाले. "ते धार्मिक आहे."

तिकडेही सगळे सुरळीत झाले असे नाही. ऑगस्ट 2023 मध्ये माजी सैनिकांनी आम्हांला का डावलले म्हणून दावा लावला, कोर्टाने नव्या दुकानांना काही महिने रोखले. पण त्याआधी, जानेवारी 2023 मध्ये, मॅनहॅटनच्या ग्रीनविच व्हिलेजमध्ये एक दुकान उघडले होते. मालक 1990 च्या दशकात गांजा बाळगताना पकडला गेलेला. सोबतीला बायको आणि मुलगा. एकविसाच्या आतल्याला माल द्यायचा नाही, असा कायदा आहे. तेव्हा आता त्याच्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कितीही सभ्य दिसो, आधी कागद दाखवावा लागतो.