दूर्वा की तण?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या भाद्रपदात हरतालिकेच्या सकाळी आमच्या गटातल्या एक काकू नेहमीप्रमाणे जवळच्या सार्वजनिक बागेत दूर्वा आणि आघाडा आणायला गेल्या. बागेचा माळी ओळखीचा. तो लगबगीने आला आणि हळूच म्हणाला, “काकू, आज इथलं नका घेऊ. परवा औषध मारलंय.” काकूंनी खाली पाहिलं. दूर्वा तर हिरव्यागार होत्या! माळ्याने सांगितलं नसतं तर त्याच दूर्वांच्या एकवीसच्या जुड्या चार घरांत वाटल्या गेल्या असत्या.

नंतर चौकशी केली तेव्हा डब्यावर ग्लायफोसेट हे नाव दिसलं. हे तणनाशक पानातून आत शिरतं आणि मुळापर्यंत उतरतं. गवत पिवळं पडायला चार दिवस लागतात, कधी आठवडाही जातो. म्हणजे तेवढे दिवस डोळ्यांना काहीच कळत नाही. त्याच गवतावर मुलं लोळतात, आजोबा अनवाणी चालतात, गाय तोंड घालते.

आणि या विषाला आपण सगळे ‘औषध’ म्हणतो. शब्द गोड ठेवला की हात कचरत नाही.

खरं तर दूर्वा म्हणजे हरळीच. पूजेच्या तबकात आली की दूर्वा, फरसबंदीच्या फटीत उगवली की तण. वनस्पती एकच, आपली नजर बदलते. सगळंच तण जपावं असं आमचं म्हणणं नाही. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो, ते काढायलाच हवं. पण ते फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटता येतं. प्रश्न तण काढण्याचा नाही, ते कसं काढायचं आणि त्याची किंमत कोणी मोजायची याचा आहे.

गुरुवारच्या आरतीनंतर हा विषय निघाला. एक दादा म्हणाले, “हे खरंच इतकं घातक आहे का? नीट माहिती काढा, उगाच घबराट नको.” त्यांचं बरोबर होतं, म्हणून माहिती काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामक संस्थांचं मत मात्र वेगळं आहे; सांगितल्याप्रमाणे वापरलं तर असा धोका संभवत नाही, असं त्या म्हणतात. आपल्याकडे केंद्रीय कृषी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली. माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याला धोका आहे असं त्यात नमूद केलं, आणि ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावी असं म्हटलं.

म्हणजे जाणकारांतही मतभेद आहेत. इथेच खरा धर्माचा प्रश्न सुरू होतो. शंका असेल तेव्हा तिचं ओझं कोणी उचलायचं? आज ते उचलतो पाठीवर पंप घेतलेला माळी. हातात मोजे नाहीत, तोंडाला नुसता रुमाल. ते उचलतं दोन वर्षांचं मूल, जे गवत उपटून तोंडात घालतं. फायदा कोणाचा? बाग चकचकीत दिसावी असं वाटणाऱ्या आपला, आणि चार खुरपणाऱ्यांची मजुरी वाचवणाऱ्या व्यवस्थेचा. शेतकऱ्याचं वेगळं आहे. त्याचं पोट त्या पिकावर आहे, मजूर मिळत नाहीत, त्याला दोष द्यायला आपण कोण? पण बागेत पोटाचा प्रश्न नाही. तिथे फक्त शोभा आहे. शोभेसाठी दुसऱ्याच्या जिवाला शंकेत ठेवणं अहिंसेत बसत नाही, असं आम्हाला वाटतं.

मग करायचं काय, यावर दोन मतं पडली. काही जण म्हणाले, “आपण नाम घ्यावं, महापालिकेच्या कारभारात साधकाने कशाला पडावं?” तरुण मंडळी तापली होती. “माळ्याचा फवारतानाचा व्हिडिओ काढू, सगळीकडे पाठवू!” तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, “ज्याने मला वाचवलं, त्याचीच नोकरी घालवणार का?” सगळे गप्प झाले. गप्प बसणं म्हणजे वैराग्य नाही, आणि आरडाओरडा म्हणजे धैर्य नाही.

तेवढ्यात कोणीतरी विचारलं, “आपल्या केंद्राच्या आवारात गवत कसं काढतात?” कोठार उघडलं. झाडूंच्या मागे तसाच डबा, अर्धा रिकामा. उत्सवाच्या आधी पायवाट स्वच्छ दिसावी म्हणून आपल्याच सेवेकऱ्यांनी दरवर्षी फवारलं होतं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण लाज वाटली. तो डबा नाल्यात ओतला नाही. घट्ट बंद करून, वर चिठ्ठी लावून घातक कचऱ्यात दिला. आता पायवाटेच्या फटीत उकळतं पाणी ओततो, वाफ्यांवर पालापाचोळ्याचा जाड थर देतो, उरलेलं खुरप्याने काढतो. वेळ जास्त लागतो. पण नामस्मरण करत खुरपता येतं, हे विशेष!

त्यानंतरच महापालिकेच्या उद्यान विभागाला पत्र दिलं. माळ्याचा उल्लेख त्यात कुठेही नाही. बागांत तणनाशक बंद करून खुरपणी सुरू करावी. तोपर्यंत फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव फाटकावर लिहावं. माळ्यांना हातमोजे, गमबूट आणि मुखपट्टी द्यावी. आणि शेवटी लिहिलं की दर रविवारी सकाळी दोन तास आम्ही श्रमदानाला येऊ. नुसतं मागणं नको, हातभारही हवा.

अजून बंदी झालेली नाही. फाटकावर पाटी मात्र लागली, आणि रविवारची परवानगी मिळाली. निराश होऊ नये म्हणून एक खरी गोष्ट सांगतो. कॅनडात मॉन्ट्रियलजवळ हडसन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जून अर्विन १९८५ पासून गावाच्या परिषदेच्या सभांना पत्रं घेऊन जायच्या आणि फवारणी थांबवा म्हणायच्या. अनेक वर्षं कोणी फारसं ऐकलं नाही. १९९१ मध्ये गावाने केवळ शोभेसाठी होणाऱ्या फवारणीवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. २००१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. फ्रान्समध्ये तर २०१७ पासून सार्वजनिक बागांत रासायनिक कीटकनाशकं आणि तणनाशकं वापरायला सरकारी संस्थांनाच मनाई आहे. एका बाईच्या चिकाटीला सहा वर्षं लागली. आपलं तर आत्ताच सुरू झालंय.

इंदूर, बेळगाव, बडोदे, ग्वाल्हेर, फोंडा, हैदराबाद, जिथे जिथे आपली कुटुंबं आहेत, त्यांना एकच विनंती. या आठवड्यात आधी आपल्या सोसायटीचं, शाळेचं, मंदिराचं कोठार उघडून पाहा. डबा सापडला तर रागावू नका, समजावून सांगा. मग आपल्या नगरसेवकांना नम्रपणे एक पत्र द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. बागेत माळी दिसला तर त्याला पाणी विचारा. आपल्या वतीने ते विष अंगावर घेणारा तोच आहे.

केंद्रामागचा एक कोपरा आम्ही यंदा मुद्दाम तसाच सोडलाय. पहिल्या पावसात तिथे हरळी पसरली आहे. येत्या चतुर्थीला दूर्वा तिथल्याच. काकूंनी पहिली जुडी माळ्याच्या घरच्या गणपतीसाठी राखून ठेवली आहे.

शुभं भवतु. 🙏