‘माझे पात्रच तसे आहे!’



रडीचा डाव खेळणारा भिडू आपण सर्वांनीच लहानपणी पाहिलेला आहे. कधी कधी तो आपणच होतो! त्याचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हा अंगणात पाच मिनिटांत सुटत असे. मोठेपणी तो इतका सोपा राहत नाही. आज आम्ही अशा एका खेळाचे उदाहरण घेणार आहोत, ज्यात हा प्रश्न अगदी उघडा पडतो.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो व प्रसंग सांगतो : समोर पडका किल्ला आहे, आत दिवा लुकलुकतो आहे, आता काय करता? बाकीचे प्रत्येकी एक भूमिका घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. पात्राची माहिती एका कागदावर लिहिलेली असते. बेत साधतो की फसतो, हे बहुधा वीस बाजूंचा फासा ठरवतो. या खेळात एकाने जिंकायचे आणि दुसऱ्याने हरायचे, असे नसते. सर्वांनी मिळून एक गोष्ट रचायची आणि आठवड्यामागून आठवडे ती पुढे न्यायची.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती गटांनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप केला होता. तो निराधार होता. लोक धोका कागदावरच्या राक्षसांत शोधत राहिले. खरा नैतिक प्रश्न मात्र टेबलाजवळच्या साध्या खुर्चीत बसलेला होता.

समजा, चोराची भूमिका घेतलेला एक मित्र रात्री झोपलेल्या सोबत्यांच्याच थैल्या रिकाम्या करतो. ज्या राजाकडे सगळे मदत मागायला गेले, त्याचाच अपमान करून सर्वांना कोठडीत पोचवतो. दुसऱ्याची बोलायची पाळी असली की मध्येच तलवार उपसतो. कोणी नाराजी दाखवली तर खांदे उडवून म्हणतो, ‘मी काय करू? माझे पात्रच तसे आहे!’ हे खेळणाऱ्यांना ही सबब चांगलीच परिचित आहे.

आता गंमत पाहा. या मित्राने एकही नियम मोडलेला नाही. चोराने चोरी करू नये, असे नियमात कोठे लिहिले आहे? मग त्याचे चुकले तरी काय?

डच इतिहासकार योहान हायझिंगा यांनी १९३८ सालच्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात लबाडी करणारा आणि खेळ उधळणारा यांत भेद केला आहे. लबाड निदान खेळण्याचे सोंग तरी करतो, म्हणजे खेळाचे जग मान्य करतो. उधळणारा ते जगच मोडून टाकतो. म्हणून लोक लबाडाला जितके सांभाळून घेतात, तितके उधळणाऱ्याला घेत नाहीत. आमच्या मते आपला चोर या दोहोंच्या मध्ये उभा आहे. नियमांचे अक्षर तो पाळतो, पण ज्या न लिहिलेल्या करारावर सर्व नियम उभे असतात, तो मोडतो. ‘आपण एकमेकांच्या आनंदासाठी येथे जमलो आहोत’, हा तो करार. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खेळ हा मनाचा विसावा मानला. त्याच विवेचनात त्यांनी असेही सांगितले की, जो इतरांना आनंद देत नाही आणि वर त्यांच्या आनंदात अडथळा आणतो, तो दोषी आहे.

राहिली ती सबब. फ्रेंच तत्त्वज्ञ झाँ पॉल सार्त्र देव मानणारे नव्हते, तरी येथे त्यांचे ऐकण्यासारखे आहे. १९४३ सालच्या ग्रंथात त्यांनी कॅफेतल्या एका वेटरचे उदाहरण दिले. तो वेटरची भूमिका इतकी हुबेहूब वठवतो, की जणू दुसरे काही होण्याची मोकळीक त्याला नाहीच. सार्त्र याला स्वतःची फसवणूक म्हणतात. आपल्या चोराचेही तेच झाले आहे. त्याचे पात्र आकाशातून पडलेले नाही. कागद त्याचा, पेन्सिल त्याची. जे त्याने लिहिले ते त्याला खोडताही येते. पात्र लोभी असले, तरी त्या लोभाने आज कोणाची थैली कापायची, हे खुर्चीत बसलेला माणूसच ठरवतो.

मग करायचे काय? पुष्कळ सूत्रधार एक सोपा मार्ग धरतात. चोराच्या डोक्यावर दरड कोसळवतात. पात्र मेले, प्रश्न संपला! आम्हांला हा मार्ग चुकीचा वाटतो. दोष माणसाचा आणि शिक्षा कागदाला. त्यात सत्य बोलायचे राहून जाते, आणि तो पुढच्या आठवड्यात त्याच स्वभावाचे नवे पात्र घेऊन येतो.

बोलायचे ते माणसाशी, आणि आधी एकांतात. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातला क्रम येथेही शहाणपणाचा आहे : प्रथम दोघांतच, मग एक-दोघांना घेऊन, शेवटी सर्वांसमोर. आरोपापेक्षा प्रश्न विचारावा, ‘तुला या खेळातून काय हवे आहे?’ कदाचित त्याला कंटाळा आला असेल. कदाचित आठवडाभर त्याचे कोणीच ऐकून घेत नसेल. गटानेही स्वतःला तपासावे. आपण सुरुवातीला काही ठरवले होते का? हल्ली पुष्कळ गट खेळ सुरू करण्यापूर्वी एक बैठक केवळ याच बोलण्यासाठी ठेवतात. काही गट टेबलावर एक कार्ड ठेवतात. कोणाला प्रसंग असह्य झाला तर त्याला बोट लावायचे, तो प्रसंग तेथेच सोडून दिला जातो. आपल्या लहानपणच्या ‘टाइमप्लीज’चेच हे मोठे रूप.

आणि एवढे करूनही तो बदलला नाही तर? येथे मन अडखळते. हा टेबल कदाचित त्याची एकमेव सोबत असेल. त्याला जा म्हणणे म्हणजे एका एकट्याला आणखी एकटे करणे. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक लाजरी मुलगी बसलेली असते. तिचे वाक्य दर वेळी अर्धे राहते. दोन-तीन आठवड्यांनी ती यायची बंद होते आणि कोणी कारणही विचारत नाही. तिलाही बाहेर घालवलेच गेले, फक्त आवाज न करता. जो ओरडतो त्याच्यावर दया दाखवून त्याची किंमत गप्प बसणाऱ्यांकडून वसूल करणे, ही दया नव्हे. आमच्या मते शेवटी त्याला थांबवावे लागले तर थांबवावे. मात्र चेष्टेने नव्हे, पाठीमागून नव्हे. तोंडावर सांगावे, आणि मैत्री चालू ठेवावी. खेळातली खुर्ची काढून घेतली, म्हणजे चहाचा कप काढून घेतला असे होत नाही.

बंधुभगिनींनो, हा खेळ आपल्यापैकी फार थोडे खेळत असतील. पण ‘मी स्पष्टवक्ता आहे’, ‘माझा स्वभावच तापट आहे’, ‘आमच्या घराण्यात असेच बोलतात’, ही वाक्ये आपल्या घरांत रोज ऐकू येतात. आम्ही धर्मगुरूही त्यातून सुटलेलो नाही. स्वभावाला औषध नाही, असे आपण म्हणतो. तो चोर आपल्याला थोडे वेगळे शिकवतो. आपल्या स्वभावाच्या कागदावर काही ओळी शाईने लिहिलेल्या असतील, हे खरे. पण पुष्कळशा पेन्सिलीने लिहिलेल्या आहेत. आज घरी गेल्यावर त्यांतली निदान एक ओळ शोधून पाहू या.