नंतर आलेले वचन

नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबात जे दिसते ते अमृतसरच्या हरमंदिर साहिबात दिसत नाही. इथे गुरू ग्रंथसाहिबाचा प्रकाश होतो आणि त्याबरोबर दसम ग्रंथाचाही होतो. 1708 मध्ये याच गावी गोदावरीकाठी गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवली आणि ग्रंथाला गुरुगादी दिली. दसम ग्रंथातल्या रचना त्याच गुरूंच्या नावाने ओळखल्या जातात. त्यातले जाप साहिब, सवैये आणि चौपई शीख माणसाच्या नित्य पाठात आहेत आणि अमृत छकण्याच्या विधीतही आहेत. तरीही 1945 मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने मान्य केलेली रहित मर्यादा सांगते की गुरू ग्रंथसाहिबाच्या बरोबरीने दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाची स्थापना करू नये. हुजूर साहिबाची परंपरा मात्र तिची स्वतःची आहे आणि ती आजही चालू आहे. 2008 मध्ये, गुरुगादीच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, हा वाद पुन्हा तापला. तेव्हा शिखांच्या सर्वोच्च पीठाने, अकाल तख्ताने, दोन्ही टोके धरून ठेवली. दसम ग्रंथ शीख वाङ्मयाचा आणि इतिहासाचा अविभाज्य भाग आहे, पण गुरुपद फक्त गुरू ग्रंथसाहिबाचे, असा तो निर्णय होता.

नांदेडच्या माणसाला यातून एक प्रश्न अगदी उघड दिसतो, इतर धर्मांत तो बहुधा झाकलेला राहतो. एखादे लेखन पवित्र असू शकते, प्रिय असू शकते, रोज ओठांवर असू शकते, आणि तरी गुरू नसू शकते. पण ते गुरू नाही, हे ठरते कशावरून? तोंडाने तसे म्हटले म्हणजे पुरे होते का? सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीपुढे हाच प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे उभा आहे. माझे म्हणणे असे की मूळ ग्रंथाला नंतरच्या लेखनापुढे ‘नाही’ म्हणता येते का, आणि तसे म्हटले गेलेले कोणी कधी ऐकले आहे का, एवढ्यावरच त्याचे उत्तर ठरते.

अॅडव्हेंटिस्टांची गोष्ट एका निराशेतून सुरू होते. विल्यम मिलर या अमेरिकन शेतकऱ्याने दानीएलाच्या पुस्तकावरून हिशेब मांडला होता. त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख धरली आणि तो दिवस रिकामा गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एलन नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीला पहिले दर्शन झाले. पुढे एलन व्हाइट म्हणून ती ओळखली गेली, 1915 पर्यंत जगली आणि हजारो पाने लिहून गेली. 1863 मध्ये मंडळी संघटित झाली तेव्हापासून या लेखनाचे काय करायचे हा तिचा घरचा प्रश्न आहे. आजच्या अठ्ठावीस मूलभूत विश्वासांपैकी पहिला बायबलविषयी आहे. अठरावा विश्वास संदेश देण्याच्या दानाविषयी आहे आणि त्यात एलन व्हाइट यांचे नाव येते. बायबल हाच आमचा एकमेव विश्वासलेख, असे मंडळी प्रास्ताविकातच सांगते. अठराव्या कलमातही, प्रत्येक शिकवण आणि प्रत्येक अनुभव बायबलवर पारखावा, असे एलन व्हाइट यांचेच लेखन सांगते असे म्हटले आहे. त्यांनी स्वतः 1903 मध्ये आपल्या लेखनाला लहान ज्योती म्हटले. लोक बायबलकडे लक्ष देत नाहीत म्हणून त्यांना मोठ्या ज्योतीकडे नेण्यासाठी ती दिलेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हे कबुलीचे शब्द झाले. व्यवहाराच्या पुराव्यांत मला सर्वांत वजनदार वाटतो तो 1888 च्या मिनियापोलिस परिषदेचा. गलतीकरांस पत्रातल्या ‘नियमशास्त्र’ या शब्दावरून तिथे मोठी फूट पडली होती. तो दहा आज्ञांचा नियम की विधींचा, असा वाद होता. काही ज्येष्ठांना आठवत होते की एलन व्हाइट यांनी कित्येक वर्षांपूर्वी याच विषयावर कोणाला तरी पत्र लिहिले होते. ते सापडले तर वाद मिटेल, असा त्यांचा भरवसा होता. पत्र सापडेना. त्यावर एलन व्हाइट यांनी जे सांगितले ते कोणत्याही संप्रदायाच्या संस्थापकाच्या तोंडून क्वचितच ऐकू येईल. पत्र हरवले यात देवाचाच हेतू आहे, तुम्ही बायबलकडे जावे अशी त्याची इच्छा आहे, असे त्या म्हणाल्या. पुढे 1910 मध्ये दानीएलाच्या आठव्या अध्यायातल्या ‘नित्याचे’ या शब्दाच्या अर्थावरून असाच तंटा झाला. एक बाजू एलन व्हाइट यांच्या जुन्या ओळी पुढे करत होती. या प्रश्नात माझे लेखन पुरावा म्हणून वापरू नका, अशी लेखी विनंती त्यांनी तेव्हा केली. दोन्ही वेळा वाद मिटवण्याचा अधिकार त्यांच्या हातात आयता आला होता. दोन्ही वेळा त्यांनी तो परत केला.

सुरुवातीचा क्रमही याच दिशेने बोट दाखवतो. शब्बाथाची शिकवण दर्शनातून आलेली नाही. जोसेफ बेट्स या निवृत्त कप्तानाच्या पुस्तिकेतले बायबलचे दाखले पटल्यावर 1846 मध्ये व्हाइट दांपत्य शनिवार पाळू लागले. त्याविषयीचे दर्शन आले ते 1847 मध्ये. आधी वचनाचा अभ्यास आणि मग दर्शनाचा दुजोरा, हा क्रम अॅडव्हेंटिस्ट अभ्यासक आग्रहाने सांगतात आणि तो सांगण्याचा त्यांना हक्क आहे.

आता पहिला आक्षेप. देव बोलला असेल तर पूर्ण बोलला. ‘लहान’ प्रेरणा म्हणजे काय? अर्धवट संदेष्टा असतो का? अॅडव्हेंटिस्ट इथे नाथानाचे उदाहरण देतात आणि ते नेमके आहे. नाथान संदेष्टा राजा दाविदासमोर उभा राहिला आणि त्याचे पाप त्याच्या पदरात घातले. नाथान आणि गाद यांच्या नावच्या बखरींचा उल्लेख इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी आहे, पण त्या बखरी बायबलमध्ये नाहीत. म्हणून नाथान कमी प्रेरित होता असे कोणी म्हणत नाही. त्याचे काम वेगळे होते. त्याने एका माणसाला एका वेळी सावध केले, सर्व काळाचा मानदंड घालून दिला नाही. प्रेरणा आणि पद या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात, आणि तशा त्या वेगळ्या केल्याशिवाय या प्रश्नाचा गुंता सुटणार नाही. महानुभाव पंथाने हे मराठीत फार पूर्वी करून ठेवले आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला दत्तात्रेयप्रभूंचे स्थान म्हणून जाणाऱ्या या पंथात सर्वज्ञ चक्रधरांचे वचन ती श्रुती, नागदेवाचार्यांचे वचन ती स्मृती, आणि त्यानंतरच्या थोरांचे वागणे तो वृद्धाचार. नागदेवाचार्यांचा मान यामुळे तसूभरही कमी होत नाही. त्यांची जागा तेवढी ठरते.

पण नाथानाचा दाखला इथेच अपुरा पडतो आणि अॅडव्हेंटिस्टांनी तो पुरेसा मानू नये असे मला वाटते. नाथानाची बखर हरवली. एलन व्हाइट यांचे लेखन हरवलेले नाही. ते छापले जाते, त्याची भाषांतरे होतात, सूची बनतात, पुण्याच्या स्पायसर विद्यापीठासारख्या ठिकाणी त्याच्या अभ्यासाचे केंद्र असते. जे हातात राहते ते हळूहळू मानदंडाचे काम करू लागते, मग त्याला काहीही नाव द्या. मंडळीचे त्रैमासिक पाठ हे त्याचे रोजचे उदाहरण. आठवडाभर वचनांचा अभ्यास होतो आणि शुक्रवारच्या पानावर अधिक चिंतनासाठी बहुधा एलन व्हाइट यांचा उतारा येतो. त्यात गैर काही नाही. पण शब्बाथाच्या वर्गात चर्चा संपवणारा शब्द शुक्रवारच्या पानावरून येत असेल, तर प्रास्ताविकात काय छापले आहे याला अर्थ उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो मराठवाड्यात सहज सुचतो. नुसता मूळ ग्रंथ कोणीच वाचत नाही. लातूर-नांदेडच्या गावागावांत हरिनाम सप्ताहात पारायण होते ते ज्ञानेश्वरीचे, संस्कृत गीतेचे नव्हे. लिंगायत समाजाच्या अखंड शिवनाम सप्ताहात मन्मथस्वामींचे परमरहस्य वाचले जाते. लोकांनी मूळ ग्रंथ नंतरच्या वाणीतूनच आपलासा केला. मग एलन व्हाइट यांच्यातून बायबल वाचले तर बिघडले काय? या आक्षेपातले पहिले अर्धे मी मान्य करतो. भाष्याशिवाय वाचन नाही. पण भाष्याने मुळाच्या बाजूला बसणे आणि मुळाच्या आत शिरणे यांत अंतर आहे, आणि हे अंतर आपल्याला एकनाथांनी शिकवले आहे. 1584 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिच्यात शिरलेले पाठ काढून टाकले, आणि यापुढे जो कोणी तिच्यात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, असे बजावले. एकनाथ स्वतः मोठे कवी होते. त्यांची ओवी ज्ञानेश्वरीत शोभलीही असती. त्यांनी आपले सांगणे आपल्या भागवतात सांगितले, ज्ञानेश्वरीत घातले नाही. अॅडव्हेंटिस्टांमध्ये नेमकी उलट घटना 1994 मध्ये घडली. जॅक ब्लँको या अभ्यासकाने ‘क्लिअर वर्ड बायबल’ नावाचा भावानुवाद प्रसिद्ध केला, त्यात मंडळीची समजूत थेट वचनांच्या ओळींत मिसळलेली होती. टीका मंडळीतूनच झाली आणि पुढे नावातला ‘बायबल’ शब्द काढण्यात आला. त्या टीकाकारांना एकनाथ माहीत नसतील, पण त्यांना खटकले तेच जे एकनाथांना खटकले होते. करवंटी ताटात दिसते तोवर ती काढता येते. ती अमृताच्या रंगाची झाली की मूळ ग्रंथ ‘नाही’ म्हणण्याची शक्तीच गमावतो, कारण ‘नाही’ म्हणायला तो वेगळा उरतच नाही.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे. 1982 मध्ये वॉल्टर रे या पाळकाने पुस्तक लिहून दाखवले की एलन व्हाइट यांच्या लेखनात इतर लेखकांचे बरेच काही आलेले आहे. या उसनवारीच्या तपासाचे काम मंडळीने फ्रेड वेल्टमन यांच्याकडे सोपवले होते. 1988 मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ख्रिस्तचरित्रावरील एलन व्हाइट यांच्या पुस्तकातल्या निवडक पंधरा अध्यायांतली सुमारे 30 टक्के वाक्ये इतर ग्रंथांवर कमीअधिक अवलंबून आढळली. कित्येकांची श्रद्धा यामुळे हलली. त्यांची वेदना खरी होती आणि उसनवारी आधीच मोकळेपणाने सांगायला हवी होती, याबद्दल मला शंका नाही. तरीही लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच आधीच्या वृत्तांतांचा उल्लेख करतो आणि त्याने कोणाची श्रद्धा हलत नाही. मग इथे एवढा हादरा का? कारण शंभर वर्षांत लोकांच्या मनात ते लेखन जिथे जाऊन बसले होते तिथे उसने शब्द चालत नाहीत. लहान ज्योतीने दुसऱ्याच्या तेलावर जळावे यात आश्चर्य नव्हते. धक्क्याची खोली हेच मोजमाप होते: ती ज्योत प्रत्यक्षात किती उंच टांगली गेली होती याचे.

आणखी एक प्रकरण टाळता येत नाही. ऑगस्ट 1980 मध्ये कोलोरॅडोतल्या ग्लेशिअर व्ह्यू इथे डेस्मंड फोर्ड या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाच्या मांडणीवर विचार झाला. 1844 मध्ये स्वर्गीय पवित्रस्थानात न्याय सुरू झाला ही मंडळीची शिकवण दानीएल आणि इब्री लोकांस पत्र यांतून निघत नाही, असे फोर्ड यांचे म्हणणे होते. एलन व्हाइट यांचे दान त्यांना मान्य होते, पण पाळकाचे दान म्हणून. वचनाचा अर्थ ठरवणारा शेवटचा अधिकार म्हणून नव्हे. शेवटी त्यांची पाळकपदाची मान्यता काढून घेण्यात आली. आम्ही बायबलवरूनच निर्णय केला, असे मंडळी म्हणते, आणि फोर्ड यांची मांडणी बायबलवर तोलून नाकारणारे प्रामाणिक अभ्यासक होते हेही खरे. फोर्ड बरोबर होते की चूक, हा इथला प्रश्नच नाही. पण ज्या शिकवणीच्या पाठीशी एलन व्हाइट यांचा इतका स्पष्ट शब्द उभा आहे, तिथे बायबलवरून उलट निष्कर्ष निघाला असता तर तो मंडळीला ऐकू आला असता का? 1888 च्या परिषदेत याचे उत्तर ‘हो’ असे देता येत होते, कारण पत्र हरवले होते आणि लिहिणारी बाई स्वतः म्हणत होती की हरवले ते बरे. 1980 मध्ये काहीच हरवलेले नव्हते.

मंडळीला हे जाणवत नाही असे नाही. त्याच 1980 च्या मूलभूत विश्वासांत एलन व्हाइट यांच्या लेखनाला सत्याचा सतत चालणारा आणि अधिकृत स्रोत म्हटले होते. 2015 मध्ये सॅन अँटोनिओच्या अधिवेशनात ही शब्दयोजना बदलली. आता ते लेखन संदेष्ट्याच्या अधिकाराने बोलते आणि सांत्वन, मार्गदर्शन, शिकवण व सुधारणा देते असे म्हटले आहे. ‘सत्याचा स्रोत’ हे शब्द गेले. बाहेरच्याला हा फरक बारीक वाटेल. स्रोत आणि बोलणारा यांत मात्र झरा आणि पाणी आणून देणारा यांच्याइतके अंतर आहे, आणि ते अंतर शब्दांत आणायला मंडळीला पस्तीस वर्षे लागली.

1909 मध्ये वॉशिंग्टनला भरलेले सर्वसाधारण अधिवेशन एलन व्हाइट यांचे शेवटचे ठरले. एक्याऐंशी वर्षांच्या त्या, भाषण आटोपून मंचावरून निघाल्या होत्या. मग परत फिरल्या, बायबल उघडून थरथरत्या हातांवर धरले आणि हे पुस्तक मी तुमच्या हाती सोपवते आहे, अशा अर्थाचे थोडके शब्द बोलल्या. आपल्या पुस्तकांचे नाव त्यांनी तेव्हा घेतले नाही. हा प्रसंग लिहून ठेवला तो तिथे हजर असलेल्या विल्यम स्पायसर यांनी. त्याआधी काही वर्षे ते कलकत्त्यात राहून ‘ओरिएंटल वॉचमन’चे संपादन करत होते. पुण्यातल्या अॅडव्हेंटिस्ट विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.